सात नंबरची सळी

संस्थेतल्या त्या खोलीला कागदोपत्री फार भारदस्त नाव होतं, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला फाशीघर म्हणत. त्यात त्यांची काही चूक नव्हती. खोलीत सात उभी यंत्रं होती. प्रत्येकात एक नळकांड्यासारखी भट्टी, भट्टीच्या पोटात पेन्सिलीएवढी पोलादाची सळी आणि सळीच्या खालच्या टोकाला लोखंडी चकत्यांचं वजन. वजन लटकत राही, सळी केसाच्या काही हिश्शाने लांबत राही आणि शास्त्रज्ञ बसून राहत. तापलेलं पोलाद ओझ्याखाली किती वर्षं तग धरतं, हे शोधायचा दुसरा खात्रीचा मार्ग अजून निघालेला नाही. एखादी सळी तुटेपर्यंत माणूस दोन बढत्या आणि एक बायपास उरकून घेतो.

खोलीचे प्रमुख होते डॉ. गिरिधर पांढरीपांडे. निवृत्तीला टेकलेले, आणि देवळाच्या पायरीशी आले तरी चपला न काढणारे, कारण आत जायचंच नसे. खंडेनवमीला सगळी संस्था यंत्रांना झेंडूच्या माळा घाली, हळदकुंकू वाही. डॉक्टरसाहेब त्या दिवशी नेमाने रजा टाकत. त्यांचा स्वतःचा एकच सोवळ्याचा नियम होता: भट्टी विझवायची नाही. भट्टी थंड झाली की आतल्या तारेचं वेटोळं तडकतं, आणि सरकारी खरेदीतून नवं वेटोळं येईपर्यंत पोलादसुद्धा कंटाळून जातं. म्हणून सळी तुटली तरी पुढची सळी तयार होईस्तोवर रिकामी भट्टी तशीच तापत ठेवायची. बाहेरच्याला हे विचित्र वाटे. आतल्यांना सवय होती.

मे महिन्यातल्या एका भर दुपारी सात नंबरची सळी तुटली. अंदाजापेक्षा फारच लवकर. खोलीत डॉक्टर एकटेच होते. मदतनीस रुपराव साळ्याच्या लग्नाला कन्हानला गेला होता. आतून 'टण्' असा आवाज आला, आणि चकत्यांचं वजन खालच्या वाळूच्या पेटीत धप्पकन बसलं. डॉक्टरांनी चिमट्याने दोन्ही तुकडे काढले, गार होऊ दिले, तुटल्या जागी बारीक झालेली मान भिंगातून पाहिली आणि संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात ते तुकडे ठेवून डबा कपाटात टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सावकाश कळवू म्हणून ते घरी गेले. भट्टी नियमाप्रमाणे चालू राहिली. सळीची लांबी संगणकाला कळवणारी तार मात्र काढायची राहिली.

डोळ्यात पू झाला, आणि आठवड्याची रजा पावसाळ्यात शिरली.

ते परत आले तेव्हा संस्थेत उत्सवाचं वातावरण होतं. डॉ. कामिनी मेश्राम नावाची नवी संख्याशास्त्रज्ञ रुजू झाली होती. तिने सातही यंत्रांची मोजमापं घेऊन एक मॉडेल बांधलं होतं, आणि ते मॉडेल सांगत होतं की हे पोलाद एक पिढी सहज पुरेल. यात सगळ्यात सुरेख मेळ बसला होता सात नंबरचा. मॉडेलची रेघ आणि सातचे ठिपके कुलपात किल्ली बसावी तसे बसले होते. त्या जोरावर एका कंपनीने या पोलादाचे वाफेचे पाईप काढायचं ठरवलं होतं. कंपनीचं नाव इथं घ्यायचं कारण नाही. वकील लोकांचं वाचन दांडगं असतं. नमुन्यादाखल एक पाईप तर कन्हानपलीकडच्या त्यांच्या स्वतःच्या बॉयलरघरात बसलाही होता. पाईप चालवून पाहायचा, मग मोठा करार.

त्या बॉयलरघराचा इंजिनियर होता विक्रम पांढरीपांडे, डॉक्टरांचा एकुलता एक. मागच्या हिवाळ्यात लग्न झालेला. पाईप बरोबर त्याच्या टेबलाच्या डोक्यावरून जात होता.

डॉक्टरांनी आलेख पाहिला, तारखा पाहिल्या. ज्या दिवशी सळी तुटली त्या दिवशी रेघेत साधा उचकीएवढाही धक्का नव्हता. त्यानंतरही सात नंबर लांबतच होता. रिकाम्या भट्टीत, नसलेली सळी, रोज थोडी थोडी.

त्यांना हसू आलं. मोजणारा भाग बिघडला असणार. त्यांनी तो बदलला. नव्या भागानेही तेच सांगितलं, उलट जुन्यापेक्षा ठामपणे. कपाटातला डबा उघडून पाहिला. दोन तुकडे जागेवर होते. फक्त तुटल्या जागची मान आठवणीपेक्षा जरा जाड वाटली, आणि दोन्ही टोकं एकमेकांना चिकटून बसली होती. लोहचुंबक झालं असेल, असं म्हणून त्यांनी ती सोडवली. सोडवायला जोर लागला.

खोली झाडताना रुपराव त्यांना म्हणाला, "साहेब, हे सातचं वजन झुलून राह्यलं ना."

"झाडूचा धक्का लागला असेल."

"धक्का लागला म्हणून तं झुललं. वाळूत बसलेलं असतं तं कसं झुललं असतं?"

रुपरावला सळी तुटल्याचं ठाऊकच नव्हतं. त्याने आपलं जे दिसलं ते सांगितलं आणि झाडू घेऊन पुढे गेला. डॉक्टरांनी मेजाच्या खणातून एक लग्नपत्रिका काढली. विक्रमच्या लग्नाच्या शंभरेक पत्रिका उरल्या होत्या, आणि पाठकोरं टाकवत नाही म्हणून ते त्यांवर गणितं करत. ते गुडघे टेकून बसले आणि छापलेला गणपती वरच्या बाजूला ठेवून पत्रिका वजनाच्या खाली सरकवली. ती या बाजूने गेली, त्या बाजूने बाहेर आली.

वजन लटकत होतं. कशाला, ते पाहायला भट्टीला एक काचेचं भोक होतं. त्यातून फक्त तांबडं दिसे. एवढ्या तांबड्यात तांबडी सळी आहे की नाही हे धड डोळ्यालाही कळत नाही, आणि त्यांचा तर एक डोळा नवा होता.

सप्टेंबर सरता सरता कंपनीची माणसं अंतिम बैठकीला आली. सभागृहात समोसे, संत्र्याचा रस आणि पडद्यावर सात नंबर. संचालकांनी मेळाचं कौतुक केलं. कंपनीच्या नवकल्पना विभागाच्या साहेबांनी, आपण विज्ञानावर विश्वास ठेवणारे लोक आहोत, असं तीनदा सांगितलं. कामिनी मात्र खाली मान घालून बसली होती. मग डॉक्टर उठले आणि म्हणाले, की सात नंबरची सळी मे महिन्यातच तुटली, तिचे तुकडे हे बघा. त्यांनी संत्रा बर्फीचा डबा उघडून मेजावर ठेवला.

डब्यात एक सळी होती. अखंड, गुळगुळीत, कुठे सांधा नाही. टोकाला थोडा बर्फीचा भुगा.

कोणी हसलं नाही, हे वाईट झालं. कंपनीच्या साहेबांनी समोसा खाली ठेवला. संचालकांनी फार प्रेमाने डोळ्याची चौकशी केली, आणि ऑपरेशन कोणी केलं तेही विचारलं. डॉक्टर डबा काखेत मारून बाहेर पडले. मागे टाळ्या वाजल्या, म्हणजे करार मार्गी लागला असावा.

फाशीघरात ते सात नंबरसमोर स्टूल घेऊन बसले होते. कामिनी दाराशी येऊन उभी राहिली.

"सर, सळी खरंच तुटली होती ना?"

"मॅडम, माझा डोळा बदललाय, डोकं तेच आहे."

ती आत आली. म्हणाली की तिला हे विचारायचंच होतं, पण सगळे इतके खूश होते की धीर झाला नाही. इतका चांगला मेळ कधी बसत नसतो. खरं मोजमाप नेहमी रेघेच्या थोडं वर, थोडं खाली असतं. वारा असतो, वीज कमीजास्त होते, शेजारून ट्रक जातो. "निसर्गाचा हात थरथरतो, सर. मेपासून सातचा थरथरत नाही. मॉडेल म्हणतं तितकंच तो लांबतो. आधी मला वाटलं, मॉडेल यंत्राच्या मागे चाललंय." ती थांबली. "आता उलटं वाटून राहिलं."

डॉक्टरांनी पत्रिका वजनाखालून सरकवून दाखवली. तिने स्वतः सरकवून पाहिली. बाकीची सहा यंत्रं मंद घुमत होती.

डॉक्टर उठले आणि त्यांनी सात नंबरच्या बटणावर हात ठेवला. जन्मभर पाळलेला नियम मोडायचा होता, पण भट्टी विझली की सोंग उघडं पडेल, पोलाद खोटं ठरेल, पाईप उतरतील.

"सर, थांबा. पाईप आत्ता चालू आहे ना?"

त्यांचा हात तिथेच राहिला.

"माझा यावर विश्वास नाही," ती म्हणाली. "पण हे बटण दाबलं आणि वजन खाली पडलं, तर त्याच वेळी तिकडे काय होईल ते मला माहीत नाही. एका नमुन्यावर मी प्रयोग करत नाही. त्यात तो नमुना तुमचा मुलगा."

तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं की डॉक्टरांनी हात बटणावरून उचलला. म्हणजे परिस्थिती अशी होती: भट्टी चालू ठेवली तर खोट्या पोलादाचे पाईप उद्या शंभर ठिकाणी माणसांच्या डोक्यावरून जाणार. विझवली तर आज एका माणसाच्या डोक्यावर. आधी तो एक पाईप थंड व्हायला हवा होता, आणि त्याखालची माणसं बाहेर.

खंडेनवमी तोंडावर आली होती. डॉक्टरांनी विक्रमला फोन लावून सहज विचारलं, पूजेच्या दिवशी बॉयलर बंद असतो ना? पूर्वी असायचा, विक्रम म्हणाला. यंदा नव्या साहेबांनी चालूच ठेवायचं ठरवलंय, नुसतं बाहेरून कुंकू लावायचं. डॉक्टरांनी मग पोलादाबद्दल शंका असल्याचं सांगितलं. विक्रमने वरती कळवलं. वरून उत्तर आलं की संस्थेचा अहवाल आमच्याकडे आहे आणि तो उत्तम आहे. शंका असल्यास संस्थेला कळवावी. डॉक्टरांनी संस्थेला कळवलं. संस्थेने त्यांना पुन्हा डोळे दाखवून यायला सांगितलं.

मग डॉ. गिरिधर पांढरीपांडे यांनी आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं.

"विक्रम, तुझ्या आईनं नवस बोललाय. तुझ्या बॉयलरघरात नवमीला विस्तव नको. आदल्या दिवशीच विझवायचा, आणि आरती अंगणात. आत कोणी राहायचं नाही."

"बाबा, तुम्ही बोलून राहिले का हे?"

"मी नाही रे. तुझी आई."

"आईनं मले तं काही नाही सांगितलं."

"नवस सांगत नसतात."

ज्या साहेबांना पोलादाबद्दलच्या शंकेसाठी अहवाल लागत होता, त्यांना नवसासाठी काही लागलं नाही. आईचा नवस म्हटल्यावर त्यांनी अर्ध्या मिनिटात बॉयलर बंद ठेवायची परवानगी दिली, आणि आपल्या सासऱ्यांच्या प्रकृतीसाठीही त्यात काही करता येईल का, अशी चौकशी केली.

यमुताईंना, म्हणजे विक्रमच्या आईला, हे हुडकेश्वरच्या घरी जेवताना कळलं. पानात वाढता वाढता त्या थांबल्या.

"मी कधी बोलले नवस?"

"आत्ता बोल."

"कोणाले?"

"ते तू ठरव."

त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. छत्तीस गुण जुळवून लग्न झालेल्या या माणसाने लग्नात सप्तपदीसुद्धा, शास्त्रीय आधार काय, असं विचारून घातली होती. त्यांनी पळी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटून खरोखरच काहीतरी पुटपुटल्या. मग विचारलं, फेडायचा काय?

"सव्वा किलो संत्रा बर्फी," डॉक्टर म्हणाले.

खंडेनवमीला सकाळी डॉक्टर पहिल्यांदाच संस्थेत आले. रुपरावने सातही यंत्रांना माळा घातल्या होत्या. साहेबांना पाहून त्याच्या हातून कुंकवाचा करंडा सुटता सुटता राहिला. कामिनीही आली. दुसऱ्या दिवशीच्या दीक्षाभूमीसाठी तिच्या घरी यवतमाळहून सगळं गणगोत उतरलं होतं, आणि पंधरा माणसांचा भात मावशीच्या गळ्यात टाकून ती निघाली होती. रुपरावला तिने प्रसाद आणायला पिटाळलं.

डॉक्टरांनी विक्रमला फोन लावला. बॉयलर कालपासून विझलेला, पाईप हाताला गार, माणसं झाडून सारी अंगणातल्या मांडवात. मागे झांजा वाजत होत्या. "फोन चालू ठेव," डॉक्टर म्हणाले. "आणि तू आत जाऊ नको. काहीही झालं तरी."

बर्फीचा डबा त्यांनी स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. भट्टी एका क्षणात विझत नाही. काचेच्या भोकातलं तांबडं हळूहळू गडद झालं, विटकरी झालं, मग काळं. वजन लटकलेलंच होतं. कामिनीने पत्रिका सरकवली, ती गेली. झेंडूची माळ खिडकीतल्या उन्हात हलत होती, पण वारा नव्हता. फोनमधून आरतीचं दुसरं कडवं सुरू झालं. डॉक्टरांनी वाकून भोकाला डोळा लावला, आधी जुना, मग नवा. आत अंधार होता, आणि त्या अंधारात काहीतरी ताणलं जात असल्यासारखा फार बारीक आवाज येत होता, लांब कुठे तरी रहाटाचा दोर कुरकुरावा तसा.

मग वजन वाळूत बसलं. धप्प. त्याच वेळी डब्यात 'टण्' झालं.

आणि फोनमध्ये, झांजांच्या वर, धाबळी टराटरा फाडावी तसा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला. आरती थांबली नाही. सुरू झालेली आरती कोणी मध्ये सोडत नाही. ती आणखी मोठ्याने म्हटली गेली इतकंच.

"बाबा," विक्रम आरती संपल्यावर म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. "पाईप उभा फाटला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत काहीच नव्हतं हो. वाफ नाही, पाणी नाही. माझी खुर्ची..."

डॉक्टर खाली वाळूशेजारीच बसले. कामिनीने डबा उघडला. दोन तुकडे होते, मानेजवळ बारीक झालेले, मे महिन्यात होते तसेच. तिने डबा बंद करून त्यांच्या मांडीवर ठेवला.

चौकशी समिती अर्थातच बसली. तिचा निष्कर्ष असा, की गार आणि रिकामा पाईप फाटूच शकत नाही, सबब ही घटना इतर मोजमापांशी विसंगत असून हिशेबातून वगळावी. वगळली. कामिनीने त्या अहवालावर सही करायला नकार दिला, तर तिची सहीही वगळली. कंपनीने मात्र ते पोलाद घ्यायचं नाकारलं. शास्त्रीय कारण काहीच नव्हतं; पूजेच्या दिवशी फाटलेल्या पाईपखाली उभं राहायला एकही कामगार तयार नव्हता. यमुताईंनी सव्वा किलो बर्फी वाटली आणि विक्रमकडून दोन नारळ जास्तीचे फोडून घेतले.

दिवाळीनंतर एका सकाळी कामिनी फाशीघरात आली. माळा सुकल्या होत्या. सात नंबर गार उभा होता, वेटोळं तडकलेला. तिच्या हातात काही नव्हतं, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की ती रात्रभर आलेख पाहून आली आहे.

"सर, बाकीच्या सहांत सळ्या आहेत ना?"

"असतील की."

"तुम्ही पाहिल्या आहेत?"

"उघडलं की प्रयोग गेला, मॅडम. कोणी पाहत नसतं."

"तीन नंबरचाही हात थरथरत नाही," ती म्हणाली. "तुमच्या आधीच्या साहेबांपासून."

डॉक्टरांनी तीन नंबरकडे पाहिलं. वजन लटकत होतं, जसं ते रुजू झाले त्या दिवशी लटकत होतं. त्या पोलादाला फार पूर्वीच मान्यता मिळाली होती. त्याचे पाईप आता इतक्या ठिकाणी होते की यादी करायची म्हटली तर कागद पुरला नसता, पण एक जागा त्यांना पक्की ठाऊक होती. ज्या वीजघरातून या इमारतीला वीज येते, तिथली वाफ त्याच पाईपांतून जाते. त्या विजेवर ही भट्टी तापते. भट्टी तापते म्हणून...

त्यांनी ते वाक्य मनातसुद्धा पुरं केलं नाही. कोपऱ्यात रुपरावचा कुंकवाचा करंडा नवमीपासून तसाच पडला होता. ते उठले, दाराशी गेले, थोडं घुटमळले, आणि चपला काढल्या. मग बोटाच्या टोकावर चिमूटभर कुंकू घेऊन त्यांनी तीन नंबरला लावलं, धक्का लागणार नाही इतक्या हलक्या हाताने.

वर ट्यूबलाइट जळत होती. दोघंही तिच्याकडे पाहत उभी राहिली.